पान चौऱ्याऐंशीवरची पायरी

"दाखवा की मग," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही, पण सरांच्या हातातला खडू फळ्यापासून चार बोटांवर थांबला तो थांबलाच. चोवीस वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. 'समजलं नाही' म्हणणारे शेकड्यानं भेटले होते. त्यांची सोय सोपी, तेच वाक्य जरा हळू म्हणायचं. 'हे परीक्षेला येणार का' म्हणणारे तर पोत्यानं. पण 'दाखवा' म्हणणारं माणूस भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते असं: दुपारी सव्वातीनला, उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी, रिकाम्या वर्गात, पंचेचाळिशीची एक बाई, खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली डोकावतेय आणि पास व्हायला तीन गुण कमी आहेत.

सरांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल कुठेतरी. बाकी सगळीकडे ते उघडेसर. 'हे उघड आहे' हे त्यांचं वाक्य, जसं कुणाचं 'म्हणजे काय' असतं किंवा कुणाचं 'बघा बुवा'. एका वर्षी मागच्या बाकांनी मोजायला घेतलं, तर एकेचाळिसाव्याला तास संपला आणि बेचाळिसावं सर दाराशी शिपायाला म्हणाले. नवी आलेली एक प्राध्यापिका दोन सत्रं त्यांना खरोखरच उघडे आडनावाचे समजत होती. तिनं लग्नाची पत्रिका 'श्री. व सौ. उघडे' अशी दिली आणि सर बिचारे जाऊन आले. बायको गेली नाही. "मी कुठे उघडे," म्हणाली, "उघडे तुम्ही." त्यांचं पुस्तक छापखान्यात शिशाच्या खिळ्यांवर जुळवत तेव्हा म्हणे कंपोझिटरनं मालकाकडे तक्रार नेली, की या एका माणसापायी आपल्याकडचे 'घ' झिजले. मग त्यानं ते दोन शब्द सुतळीनं एकत्र बांधूनच ठेवले. सर अडले की अख्खी जुडी बसवायची. हे खोटं असेल. पण पायाभूत गणिताचं ते पुस्तक, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या प्रत्येक पोराच्या बोडक्यावर आदळणारं, अकरा आवृत्त्या झालेलं, कुठल्याही पानावर उघडावं आणि मग खोटं म्हणावं. आणि गंमत अशी की गोष्ट खरोखर उघड असते तिथे हे शब्द लागत नाहीत. दोन अधिक दोन चार, याच्यापुढे कुणी 'उघड आहे' लिहीत नाही. ते लागतात जिथे भिंतीला ओल आलेली असते आणि समोर कपाट सरकवायचं असतं.

प्रश्न पाचवा होता. अमुक समीकरणाला शून्य आणि एक यांच्यामध्ये एक मूळ आहे हे सिद्ध करा, आठ गुण. म्हणजे असं, की वक्र शून्यापाशी अक्षाच्या खाली आहे, एकापाशी वर आहे, आणि मध्ये कुठे तुटलेला नाही. खालून निघाला, वर पोचला, तेव्हा वाटेत कुठेतरी त्यानं अक्षाला शिवलंच. शिवलं तिथे मूळ. हे उघड आहे, असं पान चौऱ्याऐंशीवर छापलंय, आणि पोरं ते जसंच्या तसं उतरवून आठापैकी आठ घेऊन बाहेर पडतात, पूल बांधतात, औषधं बनवतात, आणि पूल काही पडत नाहीत. बाईंनी अर्ध्यापर्यंत नीट लिहिलं होतं, शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरात. मग खाली: 'यापुढची पायरी पुस्तकात उघड आहे असे म्हटले आहे. मला ती उघड वाटत नाही. म्हणून येथे थांबते.' त्याखाली अर्धं पान कोरं. सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं होतं 'उघड आहे', खाली दोन रेघा, आणि आठापैकी दोन. एकूण सदतीस. पास चाळिसाला.

"थांबलात कशाला पण?" सर मघाशी म्हणाले होते, जरा हसूनच. "एक ओळ तर होती. लिहून टाकायची."

"पटल्याशिवाय?"

"अहो, त्यात पटायचं काय आहे? खाली होता, वर गेला. मध्ये शिवला नाही तर काय उडी मारली?"

"तेच विचारतेय. पान अकरावर तुम्हीच लिहिलंय, कितीही बारीक अपूर्णांक घ्या, ज्याचा वर्ग बरोबर दोन येईल असा एकही नाही. एकाचा वर्ग एक, कमी पडतो. दोनाचा चार, जास्त होतो. मध्ये अपूर्णांक नुसते खच्चून भरलेत, आणि नेमका दोनवाला कुठेच नाही. म्हणजे तिथे भोक आहे. खालून वर गेलाच की तो, सर. न शिवता गेला."

"ते अपूर्णांकांपुरतं झालं."

"मग पान अकरापासून चौऱ्याऐंशीपर्यंत ती भोकं बुजवली कुणी? मी सगळी पानं पाहिली. दोनदा."

"ते उघड आहे, बाई."

यावर त्या म्हणाल्या होत्या, दाखवा की मग.

बाई एका रुग्णालयात एक्स-रे काढायच्या. एकोणीस वर्षं. वर्गात पहिल्या महिन्यातच त्यांनी उभं राहून सांगितलं होतं, की सर, आमच्याकडे आज काढलेल्या फिल्मवर काही नसतं, सहा महिन्यांनी त्याच माणसाची काढली की नखाएवढी सावली असते. डॉक्टर विचारतात, ही आली कधी? आम्ही म्हणतो, मध्ये कधीतरी. आता मध्ये कधीतरी हे काय उत्तर झालं? वर्ग हसला होता आणि सरही वर्गासोबत हसले होते, कारण आपल्यावर हसू येण्याआधी दुसऱ्यावर हसून घेणं ही मास्तरकीची पहिली पायरी. रुग्णालयात सोमवारी नवं यंत्र यायचं होतं. हा पेपर ज्यानं सोडवला त्यालाच ते शिकवणार, असा वरून आलेला नियम. जुनं यंत्र भंगारात आणि बाई फायली लावायच्या खोलीत. पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या होत्या. ही दुसरी. तिसरी मिळत नाही.

खडू शेवटी टेकला. सरांनी आडवी रेघ मारली, खालून वर जाणारा वक्र काढला, सुरेख आला. वक्र त्यांचे नेहमीच सुरेख यायचे. "हे बघा. याचे मधोमध दोन भाग करू. ज्या भागात खालून वर जाणं होतं तो ठेवायचा, दुसरा फेकायचा. पुन्हा अर्धा. पुन्हा अर्धा." रेघा एकमेकींना चिकटत गेल्या, खडूचा चुरा त्यांच्या मनगटावरून बाहीत शिरला. "असं करत करत शेवटी एक बिंदू उरतो."

"उरतो कशावरून?" बाई म्हणाल्या. "भोकच उरलं तर?"

सरांनी तोंड उघडलं. उत्तर होतं. उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणजे एके काळी होतं, तिशीच्या आत ते पाठ नव्हे तर अंगात होतं, जिन्याच्या पायऱ्या अंधारात पायाला माहीत असतात तसं. आता तिथे पाय टाकला आणि पायरी नव्हती. गेली कधी? अठ्ठावीसचे होतो तेव्हा येत होतं, बावन्नला येत नाही, मध्ये कुठल्या तरी दिवशी आपण ते जाणणारे आणि न जाणणारे यांच्या बरोबर मधोमध उभे असणार, हातात पिशवी असेल, कुठे तरी रांगेत असू, आणि कळलं नाही. पहिल्या आवृत्तीत होतं ते. चार पानं होती. ती चार पानं बायकोनं सुवाच्य अक्षरात उतरवली होती, जेवणाच्या टेबलावर, एका बाजूला कोपरानं भाजीची परडी सारून, कारण सरांचं अक्षर छापखान्यातल्या कुणाला लागत नसे. एका ओळीशी ती थांबली होती. "हे काय, 'आपण गृहीत धरू की रेषेत कुठेही भोक नाही'? गृहीत धरू? सिद्ध नाही करायचं?" आणि सर, तेव्हा त्यांना कुणी उघडेसर म्हणत नसे, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणाले होते, "सगळ्याच्या खाली काहीतरी गृहीत असतंच गं. ते काही पाप नाही. लपवायचं नाही, एवढंच. आधीच सांगून मोकळं व्हायचं." ती हसली होती. "बरं आहे तुमच्या गणितात," म्हणाली, "घरात असं कुणी आधी सांगत नाही." आणि त्या ओळीखाली तिनं, कुणी सांगितलं नसताना, पट्टीनं रेघ मारली होती.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अभ्यासमंडळ म्हणालं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पोरांना हे कशाला, त्यांना हिशोब जमला म्हणजे झालं. सर भांडले का? भांडले असं ते पुढे बरीच वर्षं सांगत. खरं म्हणजे त्यांनी दहा मिनिटांत चार पानांवर तिरकी रेघ मारली आणि जागेवर दोन शब्द लिहिले. नवी प्रत घरी आली. बायकोनं पानं चाळली, पुढे गेली, मागे आली, स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या घरात शोधावी तशी. "माझी चार पानं?" "नको होती." "कुणाला?" सर हसले होते. त्यानंतर तिनं त्यांचं काही उतरवून दिलं नाही. तसं बोललीही नाही, नुसतं दर वेळी काहीतरी काम निघायचं. आणि मग कितीतरी वर्षांनी, दोघं मिळून चादरीची घडी घालत होते, दोन टोकं तिच्याकडे, दोन यांच्याकडे, ती पुढे येत म्हणाली, "तुम्ही मला गृहीत धरता." सरांना विनोद सुचला. मास्तरांना विनोद सुचू नयेत असा कायदा हवा. "गणितात गृहीताला फार मान असतो," ते म्हणाले, "सगळं त्याच्यावरच उभं असतं." तिनं त्यांच्या हातातली टोकं काढून घेतली. "हो," म्हणाली, "पण पूर्वी तुम्ही ते छापत तरी होता."

ती घर सोडून गेली त्याला आता आठ वर्षं झाली. मेहुणा टेम्पो घेऊन आला होता, मोठा गोड माणूस. "भावोजी, मनाला लावून घेऊ नका," म्हणाला, आणि त्याच श्वासात, "हे फडताळ आमच्याकडचं ना?" फडताळ गेल्यावर भिंतीवर त्याच्या मापाचा उजळ चौकोन उरला, त्याकडे बघत सरांनी पुढचा सगळा उन्हाळा एकच उद्योग केला. लग्नाच्या दिवशी अधिक होतं. टेम्पोच्या दिवशी उणे होतं. म्हणजे मध्ये एक दिवस शून्याचा असणारच, ज्या दिवशी सकाळी ती यांची होती आणि संध्याकाळी नव्हती. तो दिवस सापडला की निदान तारीख तरी माहीत होईल. त्यांनी वर्षं अर्धी कापली. लग्नाच्या बाराव्या वर्षी ती तापानं पडली आणि हे उत्तरपत्रिका तपासायला बाहेरगावी गेले, तेव्हा? पण त्यानंतरही ती खळखळून हसल्याचं आठवत होतं. मग पुढचं अर्धं. चादरीचा दिवस? पण चादरीच्या दिवशी ती ज्या सुरात बोलली तो सूर जुना होता, घासून गुळगुळीत झालेला. मग मागचं अर्धं. कापत कापत ते एका आठवड्यापर्यंत आले, आणि त्या आठवड्यात काहीही नव्हतं. दूधवाला, गळका नळ, शेजाऱ्याशी वाद. तरी सर स्वतःला सांगत राहिले की तो दिवस आहे, आपल्याला सापडत नाही एवढंच. नसेल कसा? आणि आता ही बाई, हिला यातलं काही ठाऊक नाही, खडूच्या गिचमिड रेघांकडे बोट करून विचारत होती, भोकच उरलं तर? म्हणजे तसा दिवसच नसला तर? न शिवता गेली असली तर?

एवढं म्हणता आलं असतं: बाई, ते गृहीत आहे, मी ते काढून टाकलं. लहान मूल म्हणेल एवढं वाक्य. सरांनी खडू ठेवला, हात झटकले. "फेरतपासणीचा फॉर्म आणलाय ना?" ते म्हणाले.

बाईंनी फळ्याकडे एकदा पाहिलं. "आणलाय," म्हणाल्या.

परीक्षा विभागात एकच खिडकी आणि एकच लेखनिक. त्याला सगळे शिक्का म्हणत, कारण तो बोलला की विषय संपला. बाई बाहेर बाकावर बसल्या. शिक्क्यानं फॉर्म सरांपुढे सरकवला. गुण बदलायचे तर तीन रकाने. एक, बेरजेत चूक. दोन, उत्तर तपासायचे राहिले. तीन, इतर कारण, सविस्तर लिहावे.

"एकमध्ये खूण करा आणि सुटा," शिक्का म्हणाला.

"बेरीज बरोबर आहे."

"सर, बेरजेतली चूक ही सभ्य माणसाची चूक. तिच्यात कुणाची अब्रू जात नाही. तिसऱ्यात लिहिलंत तर कागद अभ्यासमंडळापुढे जातो. मंडळ म्हणजे कोण? पुढच्या महिन्यापासून अध्यक्ष तुम्हीच. आता स्वतःच स्वतःला खुलासा मागणार का? तुमची बारावी आवृत्ती छापखान्यात आहे म्हणे."

"आहे."

"मग झालं तर. माझ्या कारकिर्दीत तिसऱ्या रकान्याला शाई लागलेली नाही. उगाच कशाला कोऱ्या रकान्याला बाटवता?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं. तिसऱ्या रकान्यात चार ओळींची जागा होती आणि वाक्य त्यांच्या डोक्यात तयार होतं, चारांत सहज मावलं असतं: पान ८४ वरील पायरी उघड नाही, ती ज्या गृहीतकावर उभी आहे ते दुसऱ्या आवृत्तीत मी वगळले. चांगलं वाक्य होतं. कितीतरी वर्षांत इतकं स्वच्छ वाक्य त्यांच्या हातून झालं नव्हतं. मंडळातले चेहरे त्यांना दिसले, चहाच्या कपांवरून एकमेकांकडे बघणारे. उघडे उघडे पडले, हे कोण आधी म्हणेल तेही दिसलं. ज्यांच्या समासात आपण लाल शाईनं ते दोन शब्द ओढले, खाली दोन रेघा मारून, ती सगळी पोरं दिसली. त्यांतलं कुणी खरंच अडलं असेल, मग लाज वाटून पुढची ओळ लिहून मोकळं झालं असेल, आणि मग आयुष्यभर कुठेच अडलं नसेल. पेनाचं टोक कागदावर टेकलं नाही. नजर मात्र घसरत फॉर्मच्या तळाशी गेली, आणि तिथे त्यांना सुटका दिसली. बारीक अक्षरात होतं: वरील कारण मला मान्य आहे. विद्यार्थ्याची सही.

ही बाई सही करणार नाही. आठ गुणांसाठी जिनं न पटलेली एक ओळ लिहिली नाही, ती न झालेल्या चुकीखाली सही कशी करेल? ती म्हणेल, सर, हे खोटं आहे. मग शिक्का कुरकुर करेल, मग नवा फॉर्म काढावा लागेल, मग आपला इलाजच राहणार नाही. मग लिहू. लिहावंच लागेल. मंडळालाही सांगता येईल, की काय करणार, बाई हटून बसली. सरांना एकदम हलकं वाटलं. आपलं खरेपण दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलं की माणूस किती ताठ चालतो ते त्यांच्या पाठीकडे बघून कळलं असतं. त्यांनी पहिल्या रकान्यात खूण केली, ठसठशीत केली. सदतीसवर रेघ मारून चाळीस लिहिले, आणि बाईंना आत बोलावलं.

बाईंनी फॉर्म उभ्याउभ्याच वाचला, फिल्म उजेडाकडे धरावी तसा खिडकीकडे धरून. वरपासून खालपर्यंत, छापील सूचनांसकट.

"बेरीज बरोबर होती, सर," त्या म्हणाल्या. "मी तीनदा करून पाहिली होती."

"हो," सर म्हणाले, आणि वाट पाहू लागले.

"मग चूक कुठे झाली?"

"बेरजेत," शिक्का मागून म्हणाला. "लिहिलंय की."

बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला. सर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल. ओठ हलले तेव्हा त्यांनी जवळजवळ मानही डोलावली.

"पेन द्याल का तुमचं?" बाई म्हणाल्या.

त्यांनी दिलं. बाईंनी टेबलावर वाकून सही केली, घाईनं नाही आणि रेंगाळतही नाही. खाली तारीख घातली. शिक्क्यानं कागद ओढून ठप्पा मारला.

"तुम्हाला मान्य नसेल तर," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच वरच्या पट्टीतला वाटला. "म्हणजे नवा फॉर्म घेता येतो. जबरदस्ती नाही."

"झाली की सही." बाईंनी पिशवी खांद्यावर नीट केली. मग सरांकडे न बघता, कागद होता त्या जागेकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्ही तिसऱ्यात लिहाल. त्यासाठी आले होते. तीन गुणच हवे असते तर ती ओळ परीक्षेतच लिहून टाकली असती."

"मग सही का केलीत?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं, ते बसलंय का हे अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"यंत्र सोमवारी येतंय," त्या म्हणाल्या, आणि मागे उभ्या असलेल्या पोराला टेबलाशी जागा मिळावी म्हणून बाजूला झाल्या.